पाचव्या महिन्यातला वाफा

शेपू आवडणारी माणसं वेगळी आणि न आवडणारी वेगळी. मधल्या पंगतीला कुणी बसलेलं मी अजून पाहिलेलं नाही. लग्न होऊन आकुर्डीला आले तेव्हा मी दुसऱ्या पंगतीतली होते, तीही कट्टर. पुण्यात पेठेत वाढलेली मी. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी शेपू फोडणीला टाकला की नाकाला पदर लावून मी थेट रस्त्यावर जाऊन उभी राहायची. देवाने एवढ्या भाज्या केल्या, त्यात ही एक अशी की सकाळी खाल्ली तर संध्याकाळपर्यंत ढेकरांतून हजेरी लावत राहते! आणि अशा मुलीला सासर कुठलं मिळावं? ज्यांच्या शेपूचं पिंपरीच्या मंडईत नाव होतं, नेमकं तेच.

वडिलांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी एकच वाक्य ऐकलं होतं, "मुलगा कंपनीत पर्मनंट आहे." सत्तरच्या आसपासच्या त्या दिवसांत या वाक्यापुढे पत्रिका, उंची, रंग सगळं फिकं पडायचं. मुलगा स्कूटरच्या कारखान्यात होता, पर्मनंटच होता, आणि दिसायलाही बरा होता हे माझं मी पाहून घेतलं. माझी आई मी लहान असतानाच गेली. त्यामुळे मला धाकधूक होती ती सासू कशी मिळते याची.

सासूला सगळं गाव आत्याबाई म्हणायचं, मीही तेच म्हणू लागले. सासरे कधीच वारलेले, एकुलता मुलगा शिफ्टला जायचा, त्यामुळे रान त्या एकट्याच बघत. रान तरी कितीसं उरलं होतं? एकेक तुकडा करत सगळं कारखान्यांकडे गेलं होतं. जिथे त्यांची ज्वारी डोलायची तिथे शेड उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांच्या भोंग्यावर आम्ही चूल पेटवायचो. विहिरीलगतची एक पट्टी तेवढी शिल्लक होती. मी घरात आले त्याच वर्षी तिच्या कागदावरही आत्याबाईंनी अंगठा उठवला. घरी आल्या, हात धुतले आणि म्हशीची धार काढायला बसल्या.

माझा राग नाकावर. मी म्हणाले, "अहो, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?"

"वाटून काय करू? रान गेलं तर गेलं. बी हाय आपल्याकडं."

बी म्हणजे शेपूचं बी. देवळीत एक काळं गाडगं होतं, तोंडाला फडकं बांधलेलं. त्यात राखेत घोळवून ठेवलेलं हे बी आत्याबाईंना त्यांच्या सासूने दिलेलं, त्या सासूला तिच्या सासूने. दरवर्षी थोडं पेरायचं, त्यातून नवं धरायचं, गाडगं पुन्हा भरायचं. मंडईतल्या इतर शेपूपेक्षा यांचा शेपू वासाला उग्र, म्हणजे माझ्या दृष्टीने दुप्पट संकट! पण गिऱ्हाइकं म्हणे याच वासासाठी यायची.

दिवाळी झाली आणि मला पाचवा महिना लागला. कागद झाला असला तरी विहिरीलगतच्या पट्टीचा ताबा कारखान्याने अजून घेतला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळीच आत्याबाईंनी गाडगं खाली काढलं आणि मला म्हणाल्या, "चल रानात."

या घरची रीत मला तेव्हा कळली. सून पाचव्या महिन्यात गेली की शेपूचा एक वाफा टाकायचा. पहिली चिमूट सुनेने टाकायची, बाकीचं सासूने. तो वाफा भाजीचा नाही, बियाचा. चार महिन्यांनी बाळ येतं, त्याच सुमाराला शेपूचं बीही पिकतं. याच बियांना बाळंतशेपा म्हणतात. त्या भाजून जेवणावर बाळंतिणीला द्यायच्या, म्हणजे दूध उतरतं. उकळून त्यांचं चमचाभर पाणी बाळाला पाजायचं, म्हणजे पोट दुखत नाही. उरतील त्या पुन्हा गाडग्यात. आणि त्या वाफ्यात पुरुषाने पाय घालायचा नाही.

"का?" मी विचारलं.

"त्येंचं काय काम हाय त्यात?" आत्याबाई म्हणाल्या, आणि आम्ही दोघी बांधावर बसून इतक्या हसलो की विहिरीवरची पाखरं उडाली.

मी चिमूट टाकली. खरं सांगते, अंगावर काटा आला. शेपू तो शेपूच, पण माझ्या बाळाच्या नावाने मातीत काहीतरी पडलं होतं! रोज सकाळी मी पाटाचं पाणी वाफ्यात वळवायला जायची. उगवलेला शेपू दिसायला किती नाजूक असतो हे तोवर मी कधी पाहिलंच नव्हतं. कारण पाहायला जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलं की वास!

विरळणी केल्यावर निघालेल्या कोवळ्या रोपांची आत्याबाईंनी मुगाची डाळ घालून, लसणाची चरचरीत फोडणी देऊन भाजी केली. मी पदर नाकाला लावून ओसरीवर जाऊन बसले. आतून आवाज आला, "गाढवाला गुळाची चव काय!" मी आतल्या आत धुमसत कोरडी भाकरी खाल्ली.

माझा हट्ट मोडला तो भलत्याच ठिकाणी. बाळाच्या झबल्यांसाठी कापड आणायला मी पिंपरी कॅम्पात गेले होते. तिथली कापडवाली सिंधी बाई मोठी बोलकी. दुकानामागेच तिचं स्वयंपाकघर, आणि तिथून तोच तो वास! माझा पदर आपोआप वर गेला. ती खो खो हसली. "अरे, सुआ है, सुआ! पेट से हो ना? बैठो, खाके जाओ." नाही म्हणायची सोयच नव्हती. तिने वाटी पुढे केली. पालक, चण्याची डाळ, टोमॅटो आणि शेपू सगळं एकत्र शिजवून रवीने घोटलेलं. एक घास घेतला. मग दुसरा. मग मी वाटी पुसून खाल्ली आणि लाजत लाजत आणखी मागितली! तो कडवट, उग्र वास पालकाच्या संगतीला लागून एकदम गुणी झाला होता.

घरी येऊन मी ती भाजी तशीच केली. आत्याबाईंनी भाकरी कुस्करून खाल्ली, बोटं चाटली आणि म्हणाल्या, "सोयरीक चांगली लावलीस." त्या दिवसापासून मी शिजलेला शेपू खाऊ लागले. कच्च्याचा वास मात्र अजून नको व्हायचा, आणि पदराची सवय काही सुटली नाही.

माघ सरत आला तसा वाफा फुलला. छत्रीच्या काड्यांसारखी पिवळी फुलं, त्यावर मधमाश्यांची ही गर्दी! मग फुलं झडून हिरवे, चपटे दाणे धरले. आत्याबाई रोज एक दाणा नखाने दाबून बघायच्या. "दूध भरलंय. दाणा व्हायला हवा." कारखान्याच्या मुकादमाने सांगितलं होतं की शिमगा झाल्यावर रान सपाट करायला घेऊ, तोवर काय निघेल ते काढून घ्या. बाळही शिमग्याच्या पुढेमागेच येणार होतं. म्हणजे वाफा, बाळ आणि डोझर अशी तिघांची शर्यतच लागली होती. मी तर रोज कोण पुढे आणि कोण मागे याचा हिशेब करायची. मजाही वाटायची आणि भीतीही.

आणि शिमग्याला आठवडाभर असतानाच एका सकाळी हे तिसऱ्या शिफ्टवरून घरी आले ते तोंडभर हसत. सायकलच्या कॅरियरवर, हँडलवर, सगळीकडे शेपूच्या जुड्या.

"आई, वाचवली भाजी!" यांनी ओरडूनच सांगितलं. "गेटवर कळलं, डोझर आजच येतोय. मग काय, दोन-चार दोस्तांना घेतलं अन् तडक रानात गेलो. सगळा वाफा उपटला."

आत्याबाई दारात उभ्या होत्या. "आन् वरची बोंडं?"

"ती खुडून टाकली बांधावर. फुलावर आलेली भाजी कोण घेतंय?"

जुड्या मात्र अशा सुबक बांधल्या होत्या की बघत राहावं. एकसारख्या, मुळं झटकलेली, केळीच्या सोपटाने आवळलेल्या. शेतकऱ्याचा मुलगा ना! मंडईत न्यायची भाजी कशी निवडायची हे हातात होतं. पण तो वाफा कशासाठी असतो, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. त्या वाफ्यातलं शेवटचं बाळ ते स्वतः. त्यानंतर घरात कुणाला दिवस गेले नव्हते, आणि पुरुषांना तिथे बंदीच. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

आत्याबाई उंबऱ्यावर बसल्या. अंगठा देताना न हललेली ही बाई, तिचे हात मांडीवर नुसते पडून राहिले. "बी टाकलंस, बाबा," एवढंच म्हणाल्या.

हे गोंधळले. मी यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला असं माझं नेहमीचंच, आणि त्या दिवशी तर नऊ महिने भरलेले. पण बोलता बोलता एक गोष्ट लक्षात आली. बोंडं टाकली होती, जाळली नव्हती! मी खाटेवरची चादर ओढली आणि चपला घातल्या.

"उठा, आत्याबाई."

"तू कुठं निघालीस? दिस भरल्यात तुजं!"

तोवर मी गल्लीच्या तोंडाशी होते. मागून आत्याबाई पाटी घेऊन धावल्या, त्यांना बघून शेजारच्या दोघी धावल्या, त्यांना बघून आणखी कोण कोण. काय झालंय हे कुणाला माहीत नव्हतं, पण एवढ्या बायका पळतायत म्हणजे काहीतरी मोठंच असणार! आगगाडीचं फाटक बंद होतं. आम्ही खालून वाकून गेलो. मी वाकले कशी, ते माझं मलाच ठाऊक.

डोझर आला होता. विहिरीपलीकडची बाभळ त्याने आडवी केली होती आणि आता धूर सोडत, माती ढकलत तो वाफ्याकडे वळत होता. बांधावर बोंडांचा ढीग, हिरवट-पिवळा, उन्हात नुकता कोमेजायला लागलेला. डोझर आणि ढीग यांच्यात दहा-पंधरा पावलांचं अंतर असेल. मी मध्ये जाऊन उभी राहिले. पोट पुढे, कमरेवर हात आणि खरं सांगायचं तर अंगात एक वेगळीच खुशी. आयुष्यात पहिल्यांदाच मी कशाच्या तरी आडवी गेले होते!

"अरे बहनजी, हटिए!" वरून ड्रायव्हर ओरडला.

माझं हिंदी पेठेतलं. मी दोन्ही हात वर करून ओरडले, "नहीं हटेगी! हमारा बी अभी उधर पड्या है!"

बी म्हणजे काय ते त्याला कळलं नसावं. पण त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि दोन्हींपैकी कशालातरी घाबरला. त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला. "चाय पी के आता हूँ," म्हणाला आणि आमच्याकडे पाठ करून बिडी ओढत निघून गेला.

मग काय विचारता! बायका ढिगावर तुटून पडल्या. चादर भरली, पाट्या भरल्या, ओटे भरले. तेवढ्यात सायकल टाकून हेही धापा टाकत आले आणि बांधाशी येऊन थबकले. आत्याबाईंनी मान वर केली. "ये, बाबा, ये. वाफाच न्हाई ऱ्हायला, आता कसली बंदी?" हे खाली मान घालून आईशेजारी बसले आणि मातीत सांडलेली बोंडं एकेक करून वेचू लागले. पुढे आम्ही गावाच्या वळणावर पोचलो तेव्हा मागे इंजिन पुन्हा सुरू झालं. आत्याबाईंनी वळून पाहिलं नाही. पाहिलं ते मी.

आता प्रश्न, हे वाळवायचं कुठे? उन्हात टाकलं तर करपेल, सावली हवी आणि वाराही हवा. अशी खोली घरात एकच, माझ्या बाळंतपणासाठी सारवून ठेवलेली. आत्याबाईंनी बोंडांचे झुपके बांधले आणि आढ्याच्या वाशांना उलटे टांगले. अख्खं छत शेपूचं!

"मी या वासात बाळंतीण म्हणून पडून राहू?" माझा आवाज चढला.

"व्हय. ल्योक माझा, वाफा माझा, सून बी माझीच. सगळी एका जागी बरी."

चिंचवडच्या दवाखान्यात मुलगी झाली. काळीभोर, डोक्यावर दाट जावळ, आणि आवाज थेट माझा! तिला घेऊन मी त्या छताखाली येऊन पडले. हे शिफ्टला जाताना आधी मुलीकडे बघायचे आणि मग वर, परीक्षेच्या निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे. कारण बोंडं कच्चीच खुडली होती. दाणा भरेल की पोचट निघेल, कुणीच सांगू शकत नव्हतं.

पहिल्या दिवसांत मला दूध पुरेना. मुलगी रडून रडून लाल व्हायची. तिच्याबरोबर मीही रडायची. आत्याबाई दोन्ही जेवणांवर मूठभर बाळंतशेपा आणून द्यायच्या. तव्यावर खमंग भाजलेल्या, त्यात ओवा, तीळ, किसलेलं खोबरं, चवीला सैंधव. मी चावून चावून खायची. छतावरच्या ओल्या बोंडांचा वास आणि तोंडातल्या भाजलेल्या दाण्यांचा वास एकाच झाडाचे, पण दुसरा मला आवडू लागला होता. हळूहळू दूध उतरलं. मुलगी पोटभर पिऊन झोपली त्या दुपारी मला कोण आनंद झाला! मी उठून सहज देवळीकडे गेले, आणि गाडगं पालथं घातलेलं दिसलं.

मग डोक्यात प्रकाश पडला. वरची बोंडं तर अजून हिरवी होती. मग इतके दिवस मी खात होते ते कुठलं?

"आत्याबाई, ते बी होतं! जपून ठेवलेलं! वरचं नाही पिकलं तर?"

त्या मुलीला मांडीवर थोपटत होत्या. "बी व्हय. पर तिला भूक हाय न्हवं?"

मी पालथं गाडगं उचलून सरळ ठेवलं. रान गेलं तरी बी आहे, असं म्हणणाऱ्या बाईने ते बीही भाजून मला खाऊ घातलं होतं. आता जे काही होतं ते छताला टांगलेलं.

मध्येच एक गंमत झाली. मुलीच्या पोटात वात धरला म्हणून यांनी औषधाच्या दुकानातून ग्राइप वॉटरची बाटली आणली. भारी ऐटीत. मी बूच काढलं, हुंगलं, आणि हसत सुटले. आत्याबाईंना बाटली दिली. त्यांनी थेंबभर जिभेवर घेतलं आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "आगं, ह्येच्यात बी शेपूच की!" कितीतरी दिवसांनी त्या अशा मोठ्याने हसल्या होत्या.

बोंडं अखेर तपकिरी झाली. आत्याबाईंनी ती सुपात झोडपली, पाखडली. बहुतेक सगळं उडून गेलं, पोचटच होतं. खाली मूठभर दाणे राहिले. दिसायला भरलेले. पण दिसण्यावर काय आहे? उगवेल ते बी, नाहीतर नुसता मसाला.

रान नव्हतं. मग आत्याबाईंनी तुपाचा पत्र्याचा रिकामा डबा घेतला आणि त्यात माती भरली. ती माती त्या विहिरीकडच्या नव्या कुंपणाच्या बाहेरून ओंजळीने घेऊन आल्या होत्या. डबा रांजणाच्या बुडाशी, ओलाव्याला ठेवला, कारण चैत्राचं ऊन कडक होतं. पहिली चिमूट माझ्या हातून टाकून घेतली. मग सुरू झालं वाट बघणं! सकाळी उठले की आधी डबा. मुलीला पाजून झालं की डबा. हे शिफ्टवरून आले की चपलांसकट डब्यापाशी. आठवडा गेला, मातीवर काही नाही. भोंगा झाला की आत्याबाई कुंपणाच्या दिशेला बघत बसायच्या.

आणि एका सकाळी मी वाकले तर मातीवर हिरवे दोरे! एक नाही, दोन नाही, दाटीवाटीने उगवलेले, काहींच्या डोक्यावर अजून बियाची टोपी. मी अशी किंचाळले की हे अंघोळ अर्धी टाकून धावत आले.

आत्याबाई आल्या. त्यांनी डबा बघितला. मग माझ्या हातातून मुलीला घेतलं, खाली वाकल्या आणि तिचे दोन्ही पाय अलगद त्या ओल्या मातीच्या कडेला टेकवले.

"ह्ये बघ," त्या म्हणाल्या, "ह्ये तुजं रान."

आणि मग रडल्या. अंगठा दिल्यापासून अडवून धरलेलं सगळं रडल्या, आम्हा दोघांच्या देखत, मुलीला छातीशी धरून. त्या कोवळ्या शेपूचा वास सगळ्या ओसरीभर झाला होता. मी पदर नाकाला लावायला म्हणून वर नेला आणि डोळे पुसले.